वाटीखालचा घास

११ ऑगस्ट २०२५
द्वारका, नवी दिल्ली

चि. उत्तरा,

माझं अक्षर दिसलं की पाकीट न फोडता फाडशील, म्हणून वरचा पत्ता झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. भांडायला लिहीत नाही, मिटवायलाही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस त्याला दीड वर्ष झालं. फोन उचलत नाहीस. मग राहिलं पोस्ट. या वयात दोन बहिणींनी शाळकरी पोरींसारखी कट्टी करावी का, ते तूच ठरव.

विषय : राघोबाचं वजन. हसू नकोस. छत्तीस वर्षं सरकारी टिपणं लिहिल्यावर माणसाला विषय टाकल्याशिवाय लिहिता येत नाही.

राघोबा आठवतो ना? आईचा पोपट. वरच्या मजल्यावरचे खुराना कॅनडाला गेले तेव्हा पिंजऱ्यासकट आमच्या गळ्यात मारून गेले तो. परदेशी जातीचा, राखाडी, लाल शेपटीचा. "हा कसला राघू, चुलीत लोळून आलेलं मांजर दिसतंय," असं आई म्हणाली होती, आणि आठवड्याभरात त्याच्यावाचून तिचं पान हलेनासं झालं.

तर परवा त्याचं वजन चारशे सत्तर ग्रॅम भरलं. दीड-दोन वर्षांपूर्वी पाचशे नव्वद होतं. यकृत सुजायच्या बेताला आलेलं. पक्ष्यांची डॉक्टरीण म्हणाली, "आंटी, बिल्कुल परफेक्ट!" हे कशामुळे झालं? वेळेमुळे. सकाळी सात, संध्याकाळी पाच. वाटी अर्धा तास आत, मग बाहेर. आईची पद्धत तुला माहीत आहे, दिवसभर वाटी शिगोशीग. तो शहाणा सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या निवडून खायचा आणि गाजर-पालक माझ्या पडद्यांवर भिरकावायचा. शिवाय वाटी भरलेली दिसायची ती नुसत्या टरफलांनी. फुंकर मारली की खाली काही नाही. भरलेली वाटी म्हणजे भरलेलं पोट, असं नसतं.

हे तुला मुद्दाम कळवते आहे. तेराव्याला, सगळ्या नातेवाइकांच्या देखत तू म्हणालीस, "ताईनं आईला घड्याळ लावून उपाशी मारलं." आणि हात न धुता उठून गेलीस. त्याचं उत्तर आता सांगते. तेच घर, तेच घड्याळ, आणि पाखरू बघ कसं ठणठणीत आहे.

एवढंच.

सुनयना


२ सप्टेंबर २०२५

उत्तरा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज अकराला खाली जाऊन टपालपेटी उघडते. गार्ड विचारतो, "मैडम, कुछ ज़रूरी आना है?" मी म्हणते, "बिजली का बिल." बिल फोनवर येतं हे त्यालाही ठाऊक आहे.

मंडळाच्या गणपतीला गेले होते. आरती झाली, प्रसाद झाला, चार जणींनी "एकट्याच आलात?" असं विचारून झालं. घरी येऊन दिवा लावते तोच राघोबा बोलला. आईच्या आवाजात. अगदी तिचाच गं, कवळी काढल्यावरचा, शेवटचं अक्षर ओढणारा. "हा घास उत्तूचा. आ कर."

दीड वर्ष ऐकते आहे. दिवसातून दोन-तीनदा, बहुतेक जेवणाच्या वेळेला. आई त्याच्याशी दिवसभर जुनंपानं बडबडायची, त्यातलं त्याच्या तोंडी बसलं असणार. तू लहानपणी जेवायला किती रडवायचीस! "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" करत आई अंगणभर तुझ्यामागे, आणि ताट धरून मी आईच्या मागे. तू दीड वर्षाची, मी साडेदहाची. तोवर माझी आमटी गार व्हायची. ते कुणालाच आठवत नाही. जाऊ दे.

पण एक विचारते, राग येऊ दे तुला. पाच वर्षं आईचं सगळं मी केलं. लग्न नाही, मूल नाही, म्हणून "सुनूला काय, ती मोकळीच आहे" असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत. केलं मी, तक्रार नाही. आणि पाखराच्या तोंडी नाव तुझं? सुनूचा घास कुठे गेला?

पुन्हा एकदा लिहून ठेवते. आईला सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ. मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवण यांची वेळ चुकायला नको, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी नाही. राघोबाची वेळ आणि तिची वेळ एकाच महिन्यात लागली, फेब्रुवारी तेवीसमध्ये, म्हणून दोन्ही एकाच कागदावर लिहून फ्रिजवर लावली. तेव्हा ती विसरायला लागलेली होती. ताट उचललं की पाच मिनिटांत, "मला कुणी जेवायला वाढलंच नाही." मी म्हणायचे, "आई, आत्ताच जेवलीस." ताट मी स्वतः उचललेलं असायचं, चाटूनपुसून स्वच्छ. लगेच कॅलेंडरवर खूण. वर ही बाई उशाशी स्टुलावर वाटी पालथी घालून तिच्याखाली पोळीचा तुकडा लपवायची! मुंग्यांची रांग लागायची. मी ओरडायचे तिच्यावर. हो, ओरडायचे. रोज मुंग्या झाडून बघ, मग बोल.

तू त्या नोव्हेंबरात आलीस, चार दिवस. गाडीला उशीर, पावणेचारला घरात पाऊल. मी म्हटलं, जेवण एक वाजताच झालं, आता पाचला चहा. त्याचाही तू राग धरलास. आणि मग आईनं तुझा हात धरून सांगितलं, "ही मला उपाशी ठेवते." झालं! चार दिवसांच्या पाहुणीला ते पटलं. लाडवांचा डबा तिच्या उशाशी ठेवून गेलीस. तो मी उचलून कपाटात कुलपात ठेवला. साखर चढली असती तर काय सांगलीहून धावत आली असतीस?

सुनयना


९ ऑक्टोबर २०२५

उत्तरा,

तुझं कार्ड मिळालं. वर ना ताई, ना काही. एकच ओळ. "शेवटी आईचं वजन किती होतं?"

टोमणा कळला. पोपटाचं ग्रॅमपर्यंत पाठ आहे, तेव्हा आईचंही असेल.

आहे. त्रेचाळीस किलो. त्याच्या वर्षभर आधी चौपन्न होतं. डॉक्टरांनी विचारलंही होतं, "खाना पूरा खाती हैं?" मी पर्समधून कॅलेंडरची पानं काढून दाखवली, एकही खूण चुकलेली नाही. ते म्हणाले, "फिर तो उम्र है." मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे दोनदा तिची साखर अचानक उतरली, घाम फुटून ती थरथरायला लागली, तेव्हाही मी तीच पानं दाखवली. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला आणि तो झेपायला अंगात काही उरलंच नव्हतं. ते तुला माहीत आहे.

आता तू विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. ती जेवायची तेव्हा मी तिच्यासमोर बसत नसे. ताट तिच्या खोलीत नेऊन द्यायचे, फोनवर अर्ध्या तासाचा गजर लावायचे आणि स्वयंपाकघरात येऊन बसायचे. दार लोटून. दिवसभर तेच ते प्रश्न, तेच ते. तेवढा अर्धा तास मला माझा मिळायचा. गजर झाला की ताट उचलायचं. यात काही गुन्हा असेल तर असो.

तुला आकडेच हवेत ना? दवाखान्यातून राघोबाची सगळी फाइल मागवते. वेळेनं खाऊ घातल्यानं काय होतं ते कागदावरच बघ.

सुनयना


२२ ऑक्टोबर २०२५

उत्तरा,

फाइल मिळाली. तुला पाठवणार होते, पाठवत नाही.

वेळ लावली त्या महिन्यात राघोबा पाचशे साठ होता. जूनमध्ये पाचशे सत्तर. डिसेंबरात पाचशे नव्वद. म्हणजे वाटी काढून घेतल्यावर त्याचं वजन चढत गेलं. उतरलं केव्हापासून, तर मार्च चोवीसपासून. आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यापासून. त्याच्या वाटीत मी काहीही बदललं नव्हतं.

डॉक्टरणीनं कागदावरून मान वर केली आणि विचारलं, "आंटी, तब घर में कोई और भी खिलाता था क्या?" मी म्हटलं, "कोई नहीं." रिक्षात बसल्यावर पिंजरा मांडीवर घेतला आणि आमचा सेक्टर येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात घोळवत राहिले.

पिंजऱ्याखालचा ट्रे आमची कामवाली फूलवती धुवायची. मी त्याला कधी हात लावला नाही, मला किळस येते. ती छठसाठी गावी गेली आहे, दहा-बारा दिवसांनी येईल. फोन केला, लागला नाही. खरं सांगू? लागला नाही याचं बरं वाटलं.

काल-परवा दिवाळी झाली. सोसायटीत फटाक्यांचा धूर इतका की राघोबाला बाथरूममध्ये नेऊन ठेवला आणि मी पाटावर त्याच्याजवळ बसले. चकली विकतची आणली होती. मी एकटीनं किती खायची? त्याला द्यावीशी वाटली, पण दिली नाही. सहा वाजून गेले होते.

सुनयना


६ नोव्हेंबर २०२५

उत्तू,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन का फाडली ते शेवटी सांगेन.

फूलवती आली. छठचा प्रसाद, ठेकुआ, घेऊन आली होती. मी तो हातात घेतला आणि तसंच उभ्याउभ्या विचारलं, आईच्या वेळी पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये काय निघायचं?

ती पदराला हात पुसत राहिली. "दीदी, आप ग़ुस्सा करोगी."

"नहीं करूँगी."

"रोटी निकलती थी. रोज़. चावल, सब्ज़ी सब. माताजी सलाखों में से डालती थीं. एक कौर, फिर एक कौर. कहती थीं, बिटिया दुबली है, खाती नहीं."

"पूरी थाली?"

"कभी आधी, कभी पूरी. तोता जितना खाता, उससे ज़्यादा तो गिराता था."

"मुझे बताया क्यों नहीं?"

"माताजी ने हाथ जोड़े थे मेरे आगे. बोलीं, सुनू थाली ले जाएगी."

उत्तू, आपल्या आईला घरात कुणाची वाटी रिकामी बघवली आहे का कधी? भाताच्या पातेल्यातसुद्धा चार शितं ठेवायची ती, भांडं निपटू द्यायची नाही. जेवायला बसली की पहिला घास पाखरांचा. आधी बाजूला काढायचा, मग आपण तोंडात घालायचा. मी त्या पाखराची वाटी काढून घेतली आणि तिच्याच खोलीत, तिच्या डोळ्यांसमोर तो बिनवाटीचा पिंजरा ठेवला. मग तिनं पहिला घास त्याला दिला. दिला आणि विसरली. म्हणून पुन्हा पहिला घास. पुन्हा विसरली. ताट संपेपर्यंत तिचा पहिलाच घास चालला होता.

मग माझा गजर. मग मी. मग कॅलेंडरवर खूण. वर उपाशी पोटी साखर उतरवणारी गोळी.

ती म्हणायची मला जेवायला वाढलं नाही, मी म्हणायचे आत्ताच जेवलीस. तिला माझं नाव आठवत नसे कधीकधी, पण पोट विसरत नव्हतं गं. आम्हा दोघींत खरं ती बोलत होती. आणि रिकामं ताट बघून मी तिला खोटं ठरवत होते, दिवसातून तीन वेळा, वर्षभर. टरफलांची वाटी मला कळली. आईचं ताट नाही कळलं.

एकदा, एकच जेवणभर तिच्यासमोर बसले असते तरी पुरे होतं.

तू तेराव्याला जे म्हणालीस ते खरं आहे. आई उपाशी होती. मी ठेवली. तुझ्यापाशी नाही तर आणखी कुणापाशी म्हणू हे?

आता फाडलेल्या पत्रांचं. पहिल्यात मी लिहिलं होतं, घास तुझ्या नावाचे होते, तेव्हा माझ्या एकटीवर कशाला बोट दाखवतेस. लिहून वाचलं आणि माझीच मला शिसारी आली. दुसऱ्यात ते सगळंच लपवलं, की तुला लागेल. पण पाखरू तर रोज बोलतं. तू कधी आलीस तर ऐकशीलच. म्हणून जसं आहे तसं लिहिलं. त्यात तुझा काडीचाही दोष नाही. ती दीड वर्षाच्या उत्तूला भरवत होती. तू पहिल्यांदाच न रडता खात होतीस, तर ती कशी थांबेल?

सुनयना


१४ डिसेंबर २०२५

उत्तू,

महिना होऊन गेला. तुझं काही आलं नाही. टपालपेटीशी जाते, पण आता गार्डनं विचारलं की खरं सांगते. "बहन की चिट्ठी." तो बिचारा म्हणतो, "आ जाएगी, मैडम. आजकल डाक लेट है."

राघोबाची वेळ मी सोडलेली नाही. सात आणि पाच. त्याला ती मानवली आहे, डॉक्टरणीचं त्यात चुकलेलं नव्हतं. पण गजर काढून टाकला. तो खातो तेवढा वेळ मी स्टूल घेऊन समोर बसते. संध्याकाळी माझं ताटही तिथेच घेते. पाचला कोण जेवतं म्हणशील. मी जेवते. एकटीनं आठला जेवण्यापेक्षा ते बरं. तो मान वाकडी करून माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "हा घास उत्तूचा." मी म्हणते, "हो रे बाबा, तिचाच."

परवा जेवून उठले. फोन आला म्हणून उरलेल्या पोळीवर सहज वाटी पालथी घातली आणि आत गेले. रॉंग नंबर होता. परत आले तर फूलवती झाडू हातात धरून त्या वाटीकडे बघत उभी.

"आपने भी शुरू कर दिया, दीदी?"

"क्या?"

"माताजी ऐसे ही रखती थीं आपका."

मला कळेना. "मेरा?"

"कटोरी के नीचे वाला. बाक़ी सब तोते को, पर आख़िरी कौर उठा लेती थीं. कहती थीं, यह सुनू का है, दफ़्तर से थकी-हारी आएगी, ढक के रख दूँ. आप निकाल के डाँटती थीं तो चुप बैठ जाती थीं. अगले दिन फिर रखती थीं."

उत्तू, मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी दाराच्या पलीकडे, स्वयंपाकघरात बसले होते. आणि आई मी ऑफिसातून यायची वाट बघत होती.

तुला विचारलं होतं ना, सुनूचा घास कुठे गेला म्हणून? मी तो रोज उचलून केराच्या डब्यात टाकत होते. आणि वर तिलाच बोलत होते. फार रडले गं. फूलवतीनं माझं डोकं पोटाशी धरलं, एवढी रडले. राघोबा घाबरून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

क्षमा कर, असं लिहायला घेते आणि पेन थांबतं. ज्यांची क्षमा मागायची ती माणसंच विचारात पडतील एवढं झालं आहे माझ्या हातून. तेव्हा ते नाही मागत. एकच मागते. ये.

मिरजेहून येणारी गाडी आता धुक्यात सहा तास उशिरा पोचेल, आठ तासही लागतील. लागू देत. पावणेचारला ये. मध्यरात्री ये. जेवणाची वेळ झाली किंवा टळली, असं या घरात तुला कुणी म्हणणार नाही. मी न जेवता थांबेन, आणि तू जेवशील तेव्हा समोर बसेन.

आजपासून एक पोळी जास्त लाटते आहे. तुझा घास आईच्या त्याच स्टुलावर, वाटीखाली झाकून ठेवला आहे. उद्या शिळा होईल, मग ताजा ठेवीन. मुंग्या येतील. येऊ देत.

ताई